शिक्षकांचा उन्हाळा

गवई उत्तम असला की शिक्षकही उत्तम असणारच, हा समज आपल्या समाजात इतका खोल रुजलेला आहे की, शाळेत संगीतशिक्षक नेमण्याची वेळ आली म्हणजे अर्जदाराच्या गळ्याची परीक्षा होते, त्याच्या तालमीची चौकशी होते, त्याने कोणकोणत्या मैफली गाजविल्या त्याची कात्रणे अर्जास जोडली जातात. परंतु चाळीस मुलांच्या वर्गात, ज्यांतील कित्येकांना सूर लागत नाही आणि कित्येकांना तो लावण्याची मुळी इच्छाच नाही, तेथे पहिल्या दिवशी पहिला स्वर कसा काढवून घ्यावयाचा, हा प्रश्न त्यास कोणीही विचारीत नाही. गाणे ही एक विद्या आणि ते शिकविणे ही दुसरी, हे तत्त्व मान्य करावयास कोणाची हरकत नसते. हरकत असते ती त्या दुसऱ्या विद्येसाठी वेगळा वेळ, वेगळा पैसा आणि वेगळे गुरू उपलब्ध करून देण्यास. पुढील प्रकरणांचा विषय हीच दुसरी विद्या होय, आणि तीही एका विशिष्ट ऋतूत व एका विशिष्ट ठिकाणी चालणारी : शाळांना सुटी पडल्यावर, विद्यापीठांच्या आवारात, नोकरीत असलेल्या संगीतशिक्षकांसाठी भरणारे उन्हाळी वर्ग. या वर्गांची परंपरा सर्वांत दीर्घ व सर्वांत विस्तृत अमेरिकेत आहे, म्हणून या प्रस्तावनेत मुख्यतः त्या देशाचीच हकीकत येईल. परंतु तिचे धागे इंग्लंड, हंगेरी, जपान असे फिरत फिरत आपल्या ग्वाल्हेर-मुंबईच्या एका विस्मृत प्रकरणाजवळ कसे येऊन ठेपतात, तेही ओघाने सांगावे लागेल.

या परंपरेचा मूळ पुरुष म्हणून ज्याचे नाव घेतात तो लोवेल मेसन हा पेशाने बँकेतील कारकून होता, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. मॅसॅच्युसेट्स प्रांतातील मेडफील्ड या गावी 1792 साली जन्मलेला हा गृहस्थ तरुणपणी दक्षिणेकडील सव्हाना शहरी नोकरीनिमित्त गेला, दिवसा बँकेचे खातेपुस्तक आणि रविवारी चर्चमधील गायनवृंद असे दुहेरी आयुष्य जगू लागला, आणि 1822 साली बॉस्टनच्या हँडेल अँड हायडन सोसायटीने त्याने संकलित केलेला उपासनागीतांचा संग्रह प्रसिद्ध केला तेव्हा आपले नाव त्यावर संपादक म्हणून येऊ नये अशी त्याची इच्छा होती. कारण बँकवाल्याने गवई म्हणून ओळखले जाणे हे त्या काळच्या अमेरिकेत आपल्याकडच्या इतकेच अब्रूस बाध आणणारे मानले जात होते. पुढे तो बॉस्टनला आला, 1833 साली तेथे स्थापन झालेल्या बॉस्टन अॅकॅडमी ऑफ म्यूझिक या संस्थेचा कणा बनला, आणि दुसऱ्याच वर्षी त्याने दोन गोष्टी केल्या. पहिली, स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझी याच्या तत्त्वांवर आधारलेली गायनशिक्षणाची एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, जिच्यातील बराचसा मजकूर जर्मन ग्रंथावरून घेतलेला होता; आणि दुसरी, ऑगस्ट महिन्यात, काही थोडे दिवस, केवळ संगीत शिकविणाऱ्यांसाठी एक वर्ग भरविला. पहिल्या वर्षी त्या वर्गास आलेली मंडळी मूठभर होती. चार-पाच वर्षांत ती शंभरांवर गेली. हे लोक खेड्यापाड्यांतून येत, त्यांतील पुष्कळसे चर्चमधील वृंद सांभाळणारे किंवा गावोगाव फिरून हंगामी गायनशाळा चालविणारे असत, आणि परत जाताना ते बरोबर नेत ती नवी गाणी नव्हेत तर शिकविण्याची एक रीत.

ती रीत आज आपणास साधी वाटेल, इतकी ती सर्वत्र पसरलेली आहे. पेस्टालोझीचा आग्रह असा की, वस्तू आधी आणि तिची खूण मागाहून : मुलाने ध्वनी ऐकावा, त्याची नक्कल करावी, उच्च-नीच, दीर्घ-ऱ्हस्व यांतील भेद स्वतःच्या कानाने ओळखावा, आणि मगच त्याच्यापुढे स्वरलिपीचे चिन्ह ठेवावे, शिवाय लय, स्वर आणि अभिव्यक्ती या तिन्ही गोष्टी एकदम त्याच्या अंगावर न टाकता एकेक करून, सोप्यापासून कठिणाकडे न्याव्यात. विल्यम वुडब्रिज नावाचा भूगोलाचा लेखक युरोपात हे प्रयोग पाहून आला होता आणि त्याने 1830 साली बॉस्टनमध्ये, सार्वजनिक शिक्षणात गायनास स्थान असावे, या विषयावर एक व्याख्यान दिले होते, ज्या प्रसंगी मेसनच्या विद्यार्थ्यांनी गाऊन दाखविले. तेथून सरकारी मान्यतेपर्यंतचा मार्ग मात्र आपल्या ओळखीचा आहे : अर्ज, समिती, अहवाल, ठराव, आणि ठराव होऊनही पैशाची मंजुरी नाही. अखेरीस 1837 च्या हिवाळ्यात मेसनने दक्षिण बॉस्टनमधील हॉज शाळेत स्वतःच्या पदराला खार लावून, विनावेतन, वर्षभर मुलांना गाणे शिकविले, त्यांचे जाहीर गायन करून दाखविले, आणि ऑगस्ट 1838 मध्ये बॉस्टनच्या शाळा समितीने गायन हा विषय सार्वजनिक शाळांच्या अभ्यासक्रमात दाखल केला. अमेरिकेतील शालेय संगीतशिक्षणाचा आरंभ या ठरावापासून मोजतात. त्याच समितीने सात वर्षांनी मेसनला त्या कामावरून दूर केले, हाही इतिहासच आहे. शिक्षणखात्यांची कृतज्ञता अल्पायुषी असते. परंतु त्याच सुमारास होरेस मान या थोर शिक्षणाधिकाऱ्याने शिक्षकांसाठी भरविलेल्या फिरत्या वर्गांत मेसनला गायनाचा विषय देऊन त्याची रीत प्रांतभर पोहोचविली.

येथे क्षणभर थांबून एक निरीक्षण नोंदवितो, कारण या प्रस्तावनेत मला सांगावयाचे आहे ते बव्हंशी त्यात आले आहे. संगीतशिक्षकांना शिकविण्याच्या कल्पनेचे जे जनक जगात होऊन गेले, त्यांत श्रेष्ठ कलावंत थोडे, आणि ज्यांना संगीत स्वतःला सहजी आले नाही असे लोक पुष्कळ. मेसन कारकून होता. इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन हा धर्मोपदेशक, ज्यास लहानपणी सुरात गाणे जमत नसे आणि स्वरलिपी वाचता येत नसे, 1841 च्या सुमारास रविवारच्या शाळांसाठी गायनाची उत्तम पद्धत शोधून काढण्याचे काम गळ्यात पडले म्हणून नॉर्विचच्या सेरा ग्लोव्हर या शिक्षिकेचे पुस्तक वाचावयास बसला, त्यावरून स्वतः गाणे शिकला, आणि तेवढ्या अनुभवाच्या भांडवलावर त्याने टॉनिक सोल-फा ही पद्धत उभी केली, जी पुढे मिशनऱ्यांबरोबर जगभर गेली. आपल्याकडे पंडित विष्णु नारायण भातखंडे हे वकील होते. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर हे मोठे गवई होते, म्हणजे अपवाद आहे. परंतु अपवाद तो अपवादच. ज्याला पोहणे जन्मतःच आल्यासारखे वाटते तो बुडणाऱ्यास फार तर बाहेर काढील, हात कसा मारावा हे सांगू शकणार नाही. ज्याने प्रत्येक पायरीवर ठेच खाल्लेली आहे त्यालाच पायऱ्या किती आहेत याची मोजदाद असते. उन्हाळी वर्गाची सारी युक्ती, माझ्या मते, एवढीच आहे की, तो कुशल संगीतकारासही पुन्हा एकदा ठेच खावयास लावतो.

मेसनने पेरलेले बी जॉर्ज रूट या त्याच्या सहकाऱ्याने अधिक काटेकोरपणे वाढविले. 1853 साली न्यूयॉर्क शहरात या दोघांनी मिळून संगीतशिक्षकांसाठी नॉर्मल म्यूझिकल इन्स्टिट्यूट काढली. थोड्या दिवसांच्या मेळाव्याऐवजी सुमारे तीन महिन्यांचे सत्र, स्वरज्ञान, संवादी गायन, आवाजाची जोपासना, आणि या सर्वांच्या जोडीला वर्ग कसा घ्यावा याचा प्रत्यक्ष पाठ, असा तिचा क्रम होता. पुढे ती उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थ रीडिंग या लहानशा गावी भरू लागली. यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत अशा उन्हाळी शाळांचे जणू पेवच फुटले, आणि त्याचे कारण निखळ ज्ञानलालसा होते असे मी म्हणणार नाही : शालेय गायनाच्या क्रमिक पुस्तकांचा धंदा मोठा झाला होता, प्रत्येक प्रकाशकाची आपली माला, आपली रीत आणि आपले अभिमानी शिक्षक होते, आणि शिक्षकास उन्हाळ्यात बोलावून आपल्या पुस्तकाची रीत त्याच्या गळी उतरविली म्हणजे हिवाळ्यात त्याच्या शाळेत तेच पुस्तक लागणार, हा हिशेब सरळ होता. व्यापाराने विद्येची सेवा केली ती अशी. लोवेल मेसनचा आडनावबंधू ल्यूथर व्हायटिंग मेसन याची पुस्तकमाला या काळात गाजली. त्याच्याच हाती जपान सरकारने 1880 साली आपल्या शाळांतील गायनाची उभारणी सोपविली, कारण इसावा शुजी हा तरुण जपानी अधिकारी मॅसॅच्युसेट्सच्या अध्यापनशाळेत शिकत असता, पाश्चात्त्य स्वरसप्तक गळ्यात बसत नाही म्हणून हैराण होऊन या मेसनकडे शिकावयास गेला होता. पुन्हा तोच प्रकार पाहा : ज्याला स्वतःला सूर लागला नाही, त्यानेच आपल्या देशाच्या शाळांत गाणे आणले.

विद्यापीठे या उद्योगात उशिरा आली, आणि आली ती काहीशी अनिच्छेने. 1886 साली ज्युलिया क्रेन या बाईंनी न्यूयॉर्क प्रांताच्या उत्तर टोकास पॉट्सडॅम येथे शासकीय अध्यापनशाळेच्या जोडीने संगीतशिक्षकांची संस्था सुरू केली; ती आज तेथील विद्यापीठाचा भाग आहे. दुसरीकडे, शटॉक्वा सरोवराच्या काठी 1874 पासून रविवारच्या शाळांतील शिक्षकांसाठी जो उन्हाळी मेळा भरू लागला होता, त्याच्या शिक्षणशाखेचे काम पाहिलेला विल्यम रेनी हार्पर हा शिकागो विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष झाला, आणि 1892 साली ते विद्यापीठ उघडताना त्याने वर्षाचे चार समान भाग करून उन्हाळ्यासही इतर तिमाहींच्या बरोबरीचा दर्जा दिला. ही तजवीज केवळ सोयीची वाटेल, पण तिचा परिणाम दूरगामी झाला. कारण उन्हाळ्यात मिळविलेले श्रेय हिवाळ्यातल्या श्रेयाइतकेच मोलाचे ठरले म्हणजे तीन-चार उन्हाळे खर्च करून नोकरी न सोडता पदव्युत्तर पदवी घेता येऊ लागली. शिक्षकांचा पगार बहुधा शाळेच्या नऊ-दहा महिन्यांचाच असे, अध्यापनाचा परवाना मुदतीनंतर नूतनीकरणास जाई, आणि पगारश्रेणी पदवीवर अवलंबून असे; तेव्हा उन्हाळी सत्रांस गर्दी झाली यात नवल नाही. लांब उन्हाळी सुटी शेतीच्या कामासाठी पडली, ही त्या देशातील एक लोकप्रिय समजूत आहे, आणि ती खरी नाही : खेड्यांतल्या शाळा उन्हाळ्यात व हिवाळ्यातच चालत, बंद राहत त्या वसंतातल्या पेरणीला आणि शरदातल्या कापणीला, उन्हाळा मोकळा केला तो शहरांनी, उकाड्यामुळे आणि हवापालटास जाणाऱ्या सुखवस्तू कुटुंबांमुळे. 1907 साली आयोवा प्रांतातील किओकक गावी फ्रान्सिस इलियट क्लार्क या बाईंच्या अध्यक्षतेखाली शालेय संगीताच्या पर्यवेक्षकांची जी सभा भरली तिच्यातून पुढे त्या देशातील संगीतशिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. 1928 साली जोसेफ मॅडी याने मिशिगनमधील इंटरलॉकन येथे मुलांसाठी वाद्यवृंदाचे उन्हाळी शिबिर काढले, त्याचाही पुढे मिशिगन विद्यापीठाशी संबंध जडला. या संस्थात्मक इतिहासात अधिक शिरण्याचे येथे कारण नाही.

मला अधिक बोलावयाचे आहे ते वर्गाच्या आतील गोष्टींविषयी. तेथील शालेय संगीताचा मोठा भाग वाद्यवृंदाचा असल्यामुळे शिक्षकास एक वाद्य येऊन भागत नाही. त्याला क्लॅरिनेटची पत्ती कशी बसवावी, ट्रम्पेट वाजविताना ओठ कसे धरावे, ट्रॉम्बोनची नळी कितव्या स्थानी किती ओढावी, व्हायोलिनचा गज कोठे पकडावा, हे सर्व निदान आरंभीच्या मुलास दाखविण्याइतके तरी यावे लागते. त्यामुळे उन्हाळी सत्रात असा देखावा नित्याचा असतो की, ज्याने पियानोवर पंधरा वर्षे घालविली तो मध्यमवयीन शिक्षक ट्रॉम्बोन हाती घेऊन घाम गाळीत आहे आणि त्यातून निघणारा आवाज त्याच्याच सहाव्या इयत्तेतील विद्यार्थ्याच्या आवाजाहून काही चांगला नाही. या फजितीचा उपयोग काय, असे विचारणारा मनुष्य शिक्षक नसावा. बोट चुकते तेव्हा मन कोठे असते, सूचना किती लांबली म्हणजे ती ऐकू येईनाशी होते, इतरांसमोर चुकण्याची लाज किती वेळ टिकते, हे ज्ञान शिक्षणशास्त्राच्या ग्रंथातून मिळत नाही. ते पुन्हा नवशिके झाल्यावरच मिळते, आणि पुन्हा नवशिके होण्याची सवड प्रौढ माणसास सुटीतच सापडते.

याच तत्त्वाचा सर्वांत विचारपूर्वक उपयोग हंगेरीच्या पद्धतीत झालेला आहे. झोल्तान कोडाय (1882–1967) हा थोर संगीतकार आणि लोकगीतांचा संशोधक होता. त्याने बेला बार्टोकसह हंगेरीच्या खेड्यांतून हजारो गीते गोळा केली, आणि पुढे आपल्या देशातील मुले शाळेत जर्मन वळणाची निकृष्ट गाणी गातात हे ऐकून त्याने आयुष्याचा उत्तरार्ध शालेय गायनाच्या सुधारणेस वाहिला. ज्या गावी तो जन्मला त्या केचकेमेट येथे 1950 साली रोजच्या गायनाची पहिली प्राथमिक शाळा निघाली, आणि तेथेच, एका जुन्या फ्रान्सिस्कन मठाच्या इमारतीत, 1975 साली कोडाय संस्था सुरू झाली, जी आज बुडापेस्टच्या लिस्ट अकादमी या संगीत विद्यापीठाचा भाग असून तिचा आंतरराष्ट्रीय उन्हाळी वर्ग अनेक देशांतील शिक्षकांस ओढून आणतो. 1966 च्या उन्हाळ्यात वृद्ध कोडाय कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात येऊन गेला. त्यानंतरच्या दशकात अमेरिकेच्या अनेक विद्यापीठांत कोडायच्या पद्धतीचे उन्हाळी वर्ग रूढ झाले. साधारणतः तीन उन्हाळे, तीन टप्पे, प्रत्येक टप्पा दोन-तीन आठवड्यांचा, असा त्यांचा आराखडा असतो.

मराठी वाचकास ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही, कारण तिचा पाया चल षड्ज आहे, म्हणजे ‘डो’ हा स्वर कोणत्याही पट्टीत धरता येतो, आणि इतर स्वर त्याच्याशी असलेल्या नात्याने ओळखले जातात, जे आपल्या तंबोऱ्यापुढे बसणाऱ्या प्रत्येकास न सांगता ठाऊक असते. ग्लोव्हर आणि कर्वेन यांचे हे धन कोडायने इंग्लंडातून नेले; त्याबरोबर कर्वेनच्या हस्तमुद्राही नेल्या, ज्यांत प्रत्येक स्वरास हाताची एक वेगळी आकृती आणि शरीराच्या संदर्भात एक उंची असते, त्यामुळे मुलास स्वर ऐकू येतो तसा दिसतोही. या पद्धतीच्या उन्हाळी वर्गात सकाळी सर्वांचे समूहगान होते, आणि ते केवळ मन प्रसन्न व्हावे म्हणून नव्हे, कारण तेथे शिक्षकांना आळीपाळीने वृंदाचे संचालन करावे लागते. मग स्वरवाचनाचा तास, जेथे एका हाताने एक स्वरमालिका दाखवीत दुसरी गावयाची, किंवा एक ओळ गात असता दुसरी पियानोवर वाजवावयाची, असे व्यायाम असतात, जे चांगल्या चांगल्या गायकांना पहिल्या आठवड्यात रडकुंडीस आणतात. त्यानंतर अध्यापनाचा तास. त्यात सहाध्यायी मुलांच्या भूमिकेत बसतात आणि एक शिक्षक उभा राहून, समजा, दुसऱ्या इयत्तेस ‘ला’ हा स्वर प्रथमच ओळखवून देतो. तो स्वर ज्यात आहे अशी गाणी मुले आधी आठवडे-आठवडे खेळत-गात आलेली असावयास हवीत. मग एका निश्चित दिवशी त्या स्वरास नाव व मुद्रा मिळते. मग नव्या गाण्यांत तो शोधावयाचा. तयारी, ओळख, सराव, हा क्रम कोठे मोडला, नाव एक गाणे आधी सांगितले गेले काय, प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने स्वतःच देऊन टाकले काय, याची चर्चा होते, आणि ती फार मऊ नसते.

या सर्वांहून मला महत्त्वाचे वाटते ते संग्रहाचे काम. प्रत्येक शिक्षकाने आपल्या मुलांच्या भाषेतील लोकगीते, खेळगाणी, बडबडगीते शोधावयाची, ती ऐकून स्वतः स्वरलिपीबद्ध करावयाची, आणि प्रत्येकाचे स्वर कोणते, लय कोणती, रचना कोणती, कोणत्या इयत्तेत काय शिकविण्यास ते उपयोगी पडेल, त्याबरोबर खेळ कोणता, याची टाचणे करावयाची. उन्हाळ्यात अर्धवट राहिलेले हे काम हिवाळ्यात घरी चालते आणि पुढच्या उन्हाळ्यात तपासले जाते. तीन वर्षांत शिक्षकाजवळ स्वतःच्या हाताने घडविलेले असे एक दप्तर तयार होते, जे कोणत्याही प्रकाशकाच्या क्रमिक पुस्तकाहून त्याच्या वर्गास अधिक जवळचे असते. एकोणिसाव्या शतकातील उन्हाळी शाळेने शिक्षकास पुस्तक विकले. विसाव्या शतकातील या वर्गाने त्यास स्वतःचे पुस्तक लिहावयास लावले. दोहोंतील अंतर हे या विषयाच्या प्रगतीचे खरे माप होय.

कार्ल ऑर्फ याची पद्धत, जिचे केंद्र साल्झबुर्गच्या मोझार्टेउममध्ये 1961 पासून आहे आणि जिचा परिचय 1962 साली टोरोंटो विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गात ऑर्फ व गुनिल्ड केटमन यांनी स्वतः येऊन करून दिला, ती गाण्याइतकेच हालचालीस व काढत्या-घालत्या पट्ट्यांच्या लाकडी वाद्यांस महत्त्व देते. जपानच्या शिनिची सुझुकी यांची व्हायोलिनची रीत मातृभाषा शिकण्याच्या क्रमावर उभारलेली आहे. यांची चर्चा पुढील प्रकरणांत येईल. 1967 च्या उन्हाळ्यात टँगलवुड येथे बॉस्टन विद्यापीठाच्या सहकार्याने भरलेल्या परिषदेने शालेय अभ्यासक्रमात सर्व काळांचे, सर्व देशांचे आणि तरुणांच्या आवडीचेही संगीत असावे, असे जाहीर केले. परंतु परिषदांच्या जाहिरनाम्यांवर माझा विश्वास बेताचाच आहे.

या वर्गांचे दोष सांगितल्याविना त्यांची शिफारस करणे अप्रामाणिकपणाचे होईल. दोन आठवड्यांत मनुष्य उत्साहाने भारून जातो, आणि सप्टेंबरच्या पहिल्या पावसाळी सोमवारी, पन्नास मुले व एक बिघडलेला पियानो समोर असता, तो उत्साह ओसरतो. पाठीशी वर्षभर सल्ला देणारे कोणी नसेल तर टाचणे कपाटात जातात. दुसरे, पद्धतींचे पंथ होतात; अमक्या टप्प्याचे प्रमाणपत्र मिळालेला शिक्षक तमक्या पद्धतीच्या शिक्षकाशी जे वागतो ते पाहून आपल्या घराण्यांतील भांडणांची आठवण व्हावी. तिसरे, आणि हे अधिक गंभीर, पगारश्रेणीच्या लोभाने श्रेये गोळा करणारा वर्ग सर्वत्र असतो. त्यास शिकावयाचे नसते, दाखला हवा असतो, आणि विद्यापीठासही उन्हाळ्यात रिकाम्या राहणाऱ्या खोल्यांचे भाडे वसूल करावयाचे असते.

आता आपल्याकडील प्रकरण. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांना आपल्या संस्थानात संगीताची शाळा काढावयाची होती, आणि गवई तर त्यांच्या दरबारी उदंड होते. असे असता 1917 च्या सुमारास त्यांनी राजाभैया पूछवाले यांच्यासारखी मुरलेली मंडळी दरबारच्या खर्चाने मुंबईस भातखंड्यांकडे पाठविली, ती गाणे शिकावयास नव्हे, तर जे गाणे त्यांना येतच होते ते स्वरलिपीत कसे उतरावे व वर्गास कसे द्यावे हे शिकावयास. काही महिन्यांनी ही मंडळी परतली आणि 1918 साली माधव संगीत विद्यालय उघडले, ज्याचे प्राचार्यपद राजाभैयांनी पुढे भूषविले. घराण्याच्या गवयाने एका वकिलासमोर पाटी-पेन्सिल घेऊन बसणे, ही गोष्ट त्या काळी किती अवघड गेली असेल याची कल्पना करावी, म्हणजे ज्या विद्येविषयी ही प्रस्तावना आहे ती आपल्या मातीत अजिबात नव्हती असे म्हणण्याचे धाडस होणार नाही. त्याआधी, 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन करणाऱ्या पलुसकरांनी उपदेशक वर्ग काढला होता. निवडक मुलांचा राहण्या-जेवणाचा व शिक्षणाचा भार विद्यालयाने उचलावा आणि त्या मुलांनी करारनाम्याने ठरलेली दीर्घ मुदत शिकण्यात व संस्थेच्या कामात घालवावी, अशी ती योजना होती. विद्यालय पुढे मुंबईस आले, कर्जापायी त्याची इमारत गेली, परंतु त्या परंपरेत तयार झालेल्या ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर या शिष्यांनी देशभर जे शिक्षणकार्य केले ते सर्वश्रुत आहे. ओंकारनाथांनी पुढे काशीच्या हिंदू विद्यापीठात संगीताची शाखा उभी केली, हे या संदर्भात विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

मग हा ओघ कोठे आटला? माझे उत्तर वादग्रस्त ठरेल. पलुसकरांच्या शिष्यांनी 1931 साली स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी महाराष्ट्रातील घराघरांत संगीत पोहोचविले, ही सेवा मोठी आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु परीक्षा विद्यार्थ्याची होते, आणि शिक्षक तिच्या भोवती फिरू लागतो : एप्रिल-मे म्हटले म्हणजे आमच्या संगीतशिक्षकास आठवतात ते अर्ज, परीक्षा-केंद्र, परीक्षकांची व्यवस्था, तबल्याच्या साथीची जुळवाजुळव आणि निकालाची वाट. अमेरिकेतील किंवा हंगेरीतील त्याचा समव्यवसायी आपल्या उन्हाळ्यात स्वतः विद्यार्थी होऊन बाकावर बसलेला असतो, आणि आमचा शिक्षक आपल्या उन्हाळ्यात इतरांची परीक्षा देववीत असतो. विद्यापीठांतून संगीताचे विभाग निघाले, पदव्या झाल्या, संशोधनही होऊ लागले. पण नोकरीत असलेल्या शालेय संगीतशिक्षकाने दरवर्षी पंधरा दिवस येऊन पुन्हा शिकावे, त्याचा प्रवासखर्च शिक्षणखात्याने द्यावा, आणि ते श्रेय त्याच्या सेवापुस्तकात नोंदले जावे, एवढी साधी तजवीज रूढ झालेली नाही. ओव्या, भोंडल्याची गाणी, भलरी, अंगाई, मुलींच्या फुगड्यांची गाणी, एवढे साहित्य हाताशी असताना त्यांची इयत्तावार टाचणे करून बसलेले शिक्षक आपल्याकडे किती निघतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

पुढील प्रकरणांची मांडणी कालक्रमाने केलेली आहे, परंतु ती त्याच क्रमाने वाचण्याची आवश्यकता नाही. ज्यांचा संबंध शाळाखात्याच्या कारभाराशी किंवा विद्यापीठाच्या अंदाजपत्रकाशी आहे त्यांनी बॉस्टन आणि शिकागो यांविषयीची प्रकरणे आधी पाहावीत, कारण खर्चाची आणि श्रेयांच्या व्यवस्थेची चर्चा तेथे आहे. जे स्वतः वर्गात उभे राहतात त्यांनी थेट कोडायच्या प्रकरणाकडे जावे, आणि त्यातील स्वरवाचनाचे व्यायाम नुसते वाचून पुढे न जाता, दार लावून घेऊन, एक हात स्वर दाखविण्यास आणि दुसरा ताल धरण्यास मोकळा ठेवून, प्रत्यक्ष करून पाहावेत; पहिल्या तीनांत ते न अडखळले तर चौथा व्यायाम मुद्दाम त्यांच्यासाठीच दिलेला आहे.